राहिलेला उत्तरार्ध

"सुई खाली ठेव आधी," ताई म्हणाली. "मग बोलू."

धाकट्याने सुई ट्रेमध्ये ठेवली. खोलीत यंत्राच्या पंख्याची घरघर तेवढी होती. ताई त्या अरुंद टेबलावर उताणी निजली होती, दोन्ही हात डोक्याच्या वर. भिंतींतून निघालेल्या प्रकाशाच्या दोन हिरव्या रेषा तिच्या छातीच्या हाडावर बरोबर एकमेकींना छेदत होत्या. धाकट्याने तिथेच शाईचा थेंब टेकवला होता. आता त्या थेंबाचा ओघळ झाला, बरगडीवरून खाली उतरला आणि चादरीला लागला.

"ताई, मी काही चित्र काढत नाहीये. ठिपका आहे. मोहरीएवढासुद्धा नाही."

"लहानपणी मोहरीएवढं खोटं बोललास तर मी काय करायचे?"

"कोपऱ्यात उभं करायचीस."

"मग?"

ताईच्या या 'मग'ला धाकट्याजवळ जन्मात कधी उत्तर नव्हते. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालू लागला होता. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातले, शाळेत घातले, आणि मुख्याध्यापकांनी बोलावले की त्याच्याऐवजी स्वतः जाऊन बोलणी खाऊन आली. त्याचे केस पिकले, चष्मा जाड झाला, इस्पितळात त्याच्या हाताखाली माणसे आली, तरी ताईसाठी तो 'धाकट्या'च होता.

"अंगात शाई घालायची नाही," ती म्हणाली. "ग्रंथात आहे. तू आणि मी शेजारी बसून ऐकलंय, बुवांच्या तोंडून. पूस ते."

धाकट्याने कापसाने थेंब पुसला. पायाशी उभ्या असलेल्या नर्सबाई छताकडे पाहू लागल्या. आपण इथे नाहीच असे दाखवायचे झाले की त्या छताकडे पाहत.

धाकट्याचे काम शेक द्यायचे. म्हणजे किरणांचा शेक. गाठ असलेल्या माणसाला रोज यंत्राखाली झोपवायचे आणि किरण नेमके गाठीवर पडतील असे पाहायचे. माणूस रोज त्याच जागी, तसाच झोपला पाहिजे, केसाएवढाही इकडे तिकडे नको. म्हणून पहिल्या दिवशी अंगावर तीन ठिपके द्यायचे, एक मधे, दोन कुशींना. शाईचा थेंब टेकवायचा आणि त्यातून बारीक सुई टोचायची. तो ठिपका मग जन्माचा. आजारी माणसे त्याला ठिपकेकाका म्हणत. घाबरलेल्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट सांगे, "यंत्र आंधळं असतं हो. त्याला तुम्ही रोज सापडायला नको का? सापडायला लागतात हे ठिपके."

आणि सुई टोचताना मनात एक ओळ म्हणे. बुवा ज्या ओळीने दर आठवड्याला प्रवचन संपवत तीच. *तुझी वस्तू, तुझ्या हाती.* ती म्हटल्याशिवाय त्याने आजवर एकही ठिपका दिला नव्हता, हे ताईला ठाऊक होते आणि त्याच्या हलणाऱ्या ओठांवरून नर्सबाईंनाही. त्याला वाटे, हा माणूस आपल्या हातून पुढे देवाच्या हाती चालला, तर निरोप सांगून पाठवावा.

आणि त्याच बुवांनी गेल्या आठवड्यात हे असे सांगितले होते.

बुवांचे प्रवचन म्हणजे काय ते ज्याने ऐकले नाही त्याला सांगणे कठीण. ते बोलता बोलता गाऊ लागत आणि गाता गाता बोलू लागत, आणि यातले एक कुठे संपले नि दुसरे कुठे सुरू झाले ते पेटीवाल्यालाही कळत नसे. दिवसभर राबून आलेली माणसे, कुणाच्या पिशवीत भाजी, कुणाच्या मांडीवर झोपलेले मूल, आणि बुवांचा आवाज वर चढला की सगळ्या सभागृहाची पाठ एकदम ताठ होई. पद्धत ठरलेली. पूर्वार्धात बुवा शंका मांडत. अशी मांडत की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा, आता आपले काही खरे नाही असे वाटावे. मग पाण्याचा एक घोट घेत. आणि उत्तरार्धात त्या गोळ्याची गाठ हळूहळू सोडवत, आणि माणसे डोळे पुसत, हलकी होऊन घरी जात.

त्या दिवशी पूर्वार्धात त्यांनी ग्रंथातले हे वचन घेतले होते:

*उसना श्वास, उसनी काया ।*
*नको तीवरी रेघ ओढाया ॥*

चाल अशी काही बसली होती की अंगावर काटा यावा. दुसऱ्याची वस्तू आपण वापरायला आणतो, बुवा म्हणाले, ती परत करताना तिच्यावर आपल्या शाईचे डाग दाखवणार का? देणारा विचारील, हे कुणी केले? आणि मग पुन्हा, वरच्या सुरात, *नको तीवरी रेघ ओढाया*. सगळे सभागृह ती ओळ म्हणू लागले. धाकट्याच्या तोंडून पहिल्यांदा म्हटली गेली, दुसऱ्यांदा अर्धी राहिली. त्याने आपल्या हातांकडे पाहिले. या हातांनी किती जणांच्या उसन्या वस्तूवर...

बुवांनी पाण्याचा पेला उचलला आणि नेमका तेव्हाच ताईला खोकल्याची उबळ आली. तोंडात पदर कोंबून तिने ती दाबायचा प्रयत्न केला, दाबली जाईना. "चल," ती खुणेने म्हणाली, "सुरांत नको." सुरांत खोकणे ही ताईच्या हिशेबी माणूस मारण्याच्या खालोखालची गोष्ट. दोघे उठून बाहेर आली. पायऱ्यांवर बसून ती धापा टाकत राहिली, आतून काहीतरी ऐकू येत होते पण शब्द कळत नव्हते, मग त्याने रिक्षा आणली.

पोटात गोळा घेऊन दोघे घरी आली. सोडवणारा भाग आत राहिला.

---

"तुमच्या ताईंच्या श्रद्धेला मी मान देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण गाठ देत नाही ना." त्या वाईट नव्हत्या, ताईची वेळ त्यांनी तीन दिवसांनी पुढे ढकलली. "पेनाने खुणा करून चालवू. फक्त शेक संपेपर्यंत पुसल्या जाता कामा नयेत."

हा तोडगा घेऊन धाकटा संध्याकाळी ताईकडे गेला. दोघांची घरे एकाच जिन्याला होती, तिचे खाली, त्याचे वर.

"पेनाने चालेल?" त्याने विचारले.

"पेनाचं काय, पेनाचं धुऊन जातं."

"तेच. धुवायचं नाही."

ताईने कणीक मळता मळता हात थांबवला. "म्हणजे मी अंगावरून पाणी न घेता प्रार्थनेला बसू? इतके आठवडे? त्यापेक्षा तू मला सरळ ग्रंथ जाळायला सांग."

"अंग घासायचं नाही, एवढंच."

"मला न घासता येत नाही. तुला माहितीये मी कशी घासते. तुझे कान आठव."

धाकट्याला कान आठवले. तो उठला.

"तू असं कर," ताई मागून म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता. "बुवांनी उत्तरार्धात काय सांगितलं ते विचारून ये कुणाला तरी. सुटका असेल तर तिथेच असणार. मला काय मरायची हौस आहे का रे?"

धाकटा दारात थांबला. तो इतका वेळ तिला हट्टी समजत होता. ती घाबरली होती, हे त्याला आत्ता दिसले. आणि गाठीला घाबरली होती त्याहून जास्त देणाऱ्याच्या त्या प्रश्नाला.

---

पहिल्यांदा तो पेटीवाल्याकडे गेला. पेटीवाल्याचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. डोळ्याला भिंग लावून तो एका घड्याळाच्या पोटात बघत होता.

"उत्तरार्ध ना?" तो भिंग न काढता म्हणाला. "वा! काय रंगला होता. तुम्ही कुठे गेला होता?"

"काय म्हणाले बुवा?"

"काळी चारमध्ये गेले हो एकदम! मला वाटलं आता परत येत नाहीत. आले! अलगद आले."

"अहो, सूर नाही. शब्द. अंगावर खूण करण्याबद्दल काय म्हणाले?"

पेटीवाल्याने भिंग काढले आणि धाकट्याकडे असे पाहिले की जणू त्याने सुताराला लाकडाची जात सोडून झाडावरच्या पाखरांचे विचारले. "शब्द कोण ऐकतो, काका? मला शब्द ऐकू आले तर पेटी चुकेल." मग जरा आठवून, "कुठल्या तरी मेंढपाळाचं होतं बहुतेक. की नावाड्याचं?"

मेंढपाळ की नावाडी, हे घेऊन धाकटा निवृत्त मास्तरीणबाईंकडे गेला. त्या दर वेळी पहिल्या रांगेत बसत आणि बुवांचा एखादा उच्चार चुकला तर घसा खाकरत.

"मेंढपाळच," त्या ठामपणे म्हणाल्या. "मेंढपाळ आपल्या मेंढरांना खूण करतो, तशी देव आपल्या माणसांना करतो. खूण आहे म्हणूनच तर मेंढरू हरवत नाही. अगदी सोपं आहे."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे खूण केलेली चालते."

"छे! कसं चालेल? खूण करायचा अधिकार मेंढपाळाचा. मेंढरांनी एकमेकांना करायची नाही. बुवांनी स्पष्ट सांगितलं."

जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला. एवढ्यात आतून मास्तरीणबाईंचे यजमान वर्तमानपत्र हातात घेऊन आले आणि म्हणाले, "मेंढपाळ गेल्या महिन्यात झाला. या वेळी लोहार होता. लोखंडावर डाग दिल्याशिवाय त्याचं हत्यार होत नाही, म्हणून डागाला भिऊ नका, असं होतं."

"तुम्ही झोपला होता."

"लोहार झाल्यावर झोपलो."

"घोरत होता! बुवांनी दोनदा बघितलं."

दोघांचे ते पुढे बराच वेळ चालण्यासारखे दिसले. धाकटा हळूच निघाला. रस्त्याने जाताना त्याच्या डोक्यात मेंढपाळ, नावाडी आणि लोहार एकमेकांच्या अंगावर पाय देत होते. आता त्याला ताईचीच नाही, आपलीही काळजी लागली होती. मेंढरांनी एकमेकांना करायची नाही. मग मी इतकी वर्षे काय केले? त्याला माणसे आठवू लागली. ठिपका देताना डोळे घट्ट मिटणारा तो धिप्पाड ड्रायव्हर. "टिकली समजू का काका?" असे विचारणारी, केस गेलेली मुलगी. काही बरी झाली, रस्त्यात भेटली की हात हलवत. काही ठिपक्यांसकट गेली. ती तिकडे पोहोचली असतील तेव्हा काय झाले असेल? हे कुणी केले, असे विचारल्यावर त्यांनी माझे नाव सांगितले असेल का?

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले आणि पोळी तव्यावरून उतरवत म्हणाली, "त्यात काय एवढं? वन्सांना सांगा, लोहार होता. डागाला भिऊ नका म्हणाले बुवा. खोटं कुठाय त्यात? एक जण तर तसं म्हणतोच आहे."

"आणि झोपला होता."

"ते नका सांगू."

त्याने ते मनात बोलून पाहिले. ताई, बुवा म्हणाले, लोहाराकडे... वाक्य पुढे जाईना. ग्रंथाच्या नावाने ताईला फसवून टोचलेला ठिपका आणि न टोचलेला ठिपका, यांतला कुठला बरा हे त्याला ठरवता येईना. जेवताना त्याने मीठ दोनदा घेतले.

---

बुवांच्या घरी तो यापूर्वी कधी गेला नव्हता. बुवा व्यासपीठावर असत तेव्हा मोठे दिसत. घरात ते एक बारीक, वाकलेले गृहस्थ होते, गळ्याला लोकरीचा मफलर, हातात कोमट पाण्याचा पेला. त्यांचा घसा पार बसला होता. बोलत ते दाराच्या बिजागरीसारखे.

"उत्तरार्ध?" ते कुरकुरले. "कुठला उत्तरार्ध?"

"गेल्या आठवड्याचा. अंगावर रेघ ओढू नये म्हणालात, त्याच्या पुढचा."

बुवांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटून बसले. धाकट्याला वाटले, आता येणार. बुवांनी डोळे उघडले.

"आठवत नाही."

"आठवत नाही?"

"पूर्वार्ध मी घरून तयार करून नेतो. उत्तरार्ध समोरच्या माणसांकडे बघून सुचतो, आणि सुचतो तसा जातो. तुम्ही कुठे बसला होता?"

"आम्ही उठून गेलो. ताईला खोकला आला."

"बघा! म्हणजे तुमच्यापुरता जो यायचा तो आलाच नसणार."

"पण बुवा, ग्रंथात काहीतरी असेलच ना? नक्की?"

बुवा उठले आणि त्यांनी ग्रंथ खाली काढला. त्यांना पाने शोधावी लागली नाहीत. बोटे आपोआप जात होती. "हे इथे. रेघ ओढू नको. हे स्पष्ट आहे. आता हे बघा, पुराचा अध्याय. अंधार आहे, पाणी चढतंय, माणसं एकमेकांना दिसत नाहीत, तेव्हा देव स्वतः चिखलात बोट बुडवतो आणि एकेकाच्या खांद्याला लावतो. का? तर कुणी राहू नये म्हणून. आणि हे शेवटी शेवटी," त्यांना खोकला आला, त्यांनी घोट घेतला, "इथे म्हणतो, तुम्ही अंगावर काय घेऊन आलात ते मी बघत नाही."

"तिन्ही एकाच ग्रंथात?"

"एकाच ग्रंथात आणि एकाच्याच तोंडी."

"मग खरं कुठलं?"

"इतकी वर्षं मी तिन्ही गातोय," बुवा म्हणाले. "तिन्ही गाताना खरी वाटतात."

मग धाकट्याने सगळे सांगून टाकले. ताईची गाठ, टेबल, पुसलेला थेंब, पेन, मेंढपाळ, लोहार, आणि आपले हात. बुवा ऐकत गेले तसतसा त्यांचा पेला मांडीवर टेकत गेला. त्यांचा चेहरा उतरला.

"माझं ऐकून त्यांनी औषध थांबवलं?"

"तसं नाही..."

"तसंच." बुवांनी मफलर उगाच सोडला, पुन्हा गुंडाळला. "खरं सांगू? ते वचन मी का घेतलं माहितीये? चाल सुचली होती म्हणून. भाजी निवडताना सुचली. इतकी गोड सुचली की म्हटलं हिला बसेल असं वचन शोधू." त्यांनी पेला खाली ठेवला. "मी येतो. उद्या सकाळी ताईंकडे येतो."

---

बुवा घरी येणार म्हटल्यावर ताईने पहाटेपासून घर घासले. बुवा आले ते पायरी चढून धापा टाकत. ताईने त्यांना खुर्ची दिली, समोर स्वतः जमिनीवर बसली आणि हात जोडून ऐकायला तयार झाली. तिला वाटत होते, बुवा आता गातील. खास तिच्यासाठी राहिलेला उत्तरार्ध गातील.

बुवांनी तोंड उघडले. आवाज आला तो असा, की ताईचे जोडलेले हात सुटले.

"अगंबाई! हा काय घसा! आणि तुम्ही या घशाने बाहेर पडलात? बोलू नका. एक शब्द बोलू नका." ती उठली, पाणी गरम केले, मीठ टाकले, मोरीपाशी उभे करून त्यांना गुळण्या करायला लावल्या. एवढा मोठा माणूस निमूटपणे गुळण्या करत होता आणि ताई शेजारी टॉवेल धरून उभी होती, "अजून एक. मान वर. अजून एक."

गुळण्या झाल्यावर बुवा खुर्चीत बसले आणि अगदी हळू म्हणाले, "ताई, त्या ठिपक्यांचं मला माहीत नाही."

"काय?"

"ग्रंथात तीन तऱ्हांनी आहे. तुमच्या बाबतीत कुठली, ते मला माहीत नाही. तुम्ही ते करून घ्यावं असं मला वाटतं. पण हे मला वाटतं. ग्रंथाच्या नावावर मी ते घालणार नाही. एकदा घातलं, तेवढं पुरे झालं."

ताईने त्यांच्याकडे बघितले, मग धाकट्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. बुवांना नमस्कार करून तिने त्यांना दारापर्यंत पोचवले, मफलर नीट करून दिला, परत आली आणि मटकन बसली.

"बुवांना माहीत नाही," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे आता काय समजायचं?"

"मला काय माहीत, ताई."

"बुवांना माहीत नाही, तुला माहीत नाही, मला माहीत नाही. मग आहे कुणाला?" असे म्हणून ती भांडी घासायला गेली. सकाळी एकदा घासलेलीच भांडी तिने पुन्हा घासायला घेतली.

---

दुसऱ्या दिवशी ती आली. काय ठरवले ते तिने सांगितले नाही आणि धाकट्याने विचारले नाही. टेबलावर निजली, हात वर घेतले, चादर नर्सबाईंनी सारखी केली. हिरव्या रेषा तिच्या छातीवर येऊन थांबल्या.

"पेन की सुई?" धाकट्याने विचारले.

"मला विचारू नकोस. मला कळत नाहीये."

तो पेन घ्यायला तिच्या डोक्यावरून पलीकडे वाकला. इस्पितळाच्या अंगरख्याची आखूड बाही वर सरकली. ताईने खालून एकदम त्याचा दंड पकडला.

"हे काय आहे?"

"काय?"

"दंडाच्या आत. इथे तुला तीळ नव्हता." तिने नखाने तो ठिपका खरवडला. "न्हाऊ घातलंय मी तुला. खांद्यावर दोन आहेत, मांडीला एक आहे, कानामागे एक. इथे नव्हता."

धाकट्याने मान तिरकी करून पाहिले. तो विसरूनच गेला होता. "अगं, तो... शिकत होतो तेव्हाचा. आमच्या मोठ्या साहेबांचा नियम होता. पहिला ठिपका स्वतःला द्यायचा, मग दुसऱ्याला हात लावायचा. दुखतं किती ते कळायला हवं म्हणायचे."

"तेव्हापासून आहे?"

"तेव्हापासून."

"आणि हा अंगावर घेऊन तू दर आठवड्याला माझ्या शेजारी प्रार्थनेला बसतोयस."

"मला ठाऊकच नव्हतं की..."

"रेघ ओढाया म्हणत होतास. मोठ्याने."

"पहिल्यांदाच फक्त."

नर्सबाई छताकडे पाहत होत्या. ताईने त्याचा दंड सोडला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर काय चालले आहे ते त्याला उलट्या बाजूने नीट दिसत नव्हते. आता रागावणार असे त्याला वाटले. मग तिचे पोट हलू लागले. ती हसत होती. हसता हसता खोकला आला, खोकला ओसरला, तरी थोडी हसतच राहिली.

"म्हणजे तुला विचारणार तिकडे," ती म्हणाली, "हे कुणी केलं म्हणून."

"विचारतील."

"आणि तू नुसता खाली मान घालून उभा राहशील. मला माहितीये ना. मुख्याध्यापकांसमोर उभा राहायचास तसा. तोंडातून शब्द फुटणार नाही."

धाकट्याची मान आत्ताच खाली गेली होती.

"मला यावंच लागणार तुझ्याबरोबर." तिने दंड सोडला, हात पुन्हा डोक्यावर घेतला, डोळे मिटले. "दे. पण मोठ्याने म्हण ती ओळ. मनात नको."

धाकट्याने पेन खाली ठेवले. शाईचा थेंब टेकवला. "तुझी वस्तू," तो म्हणाला, आणि आवाज फुटेना. पुढचे नर्सबाईंनी म्हटले, छताकडे पाहतच. "तुझ्या हाती."

"हळू रे," ताई म्हणाली. "दुखतं की हे."

---

गाठ विरली. ताई त्यानंतर बरीच वर्षे जगली, खोकल्याशिवाय, आणि प्रवचनाला कधी मधून उठली नाही. त्या दिवशीचा उत्तरार्ध लोकांना सांगण्याचे काम आता तिने घेतले होते. कुणी विचारले की सांगे, "बुवा म्हणाले होते, खूण कुणी केली ते विचारतात, पण आधी विचारतात ते, बरोबर कोण आलंय." पेटीवाला म्हणे, असे काही नव्हते. मास्तरीणबाई घसा खाकरत. ताई त्या वेळी बाहेर पायऱ्यांवर होती याची कुणी आठवण दिली, तर म्हणे, "म्हणून काय झालं? बाहेर जास्त नीट ऐकू येत होतं." धाकट्याने बुवांना एकदा विचारले होते. बुवा म्हणाले होते, "म्हणालो असेन हो. चांगलं आहे."

तो मात्र शेवटपर्यंत काही ठरवू शकला नाही. ठिपके देत राहिला, ओळ म्हणत राहिला, आणि कधी कधी एखाद्या ठिपक्यावर त्याची सुई उगाचच क्षणभर थांबे.

ताई झोपेतच गेली. सकाळी तिच्या घरात शेजारणी जमल्या, आतल्या खोलीचे दार लोटून तिला शेवटचे न्हाऊ घालू लागल्या. धाकटा बाहेरच्या खोलीत तिच्या खुर्चीत बसून होता. बुवा येऊन शेजारी बसले होते, मफलर बांधून. आतून पाण्याचा आवाज येत होता. मधेच तो थांबला. बायकांचे काहीतरी हळू आवाजात बोलणे झाले, मग दार किलकिले झाले आणि धाकट्याच्या बायकोने बाहेर डोके काढले. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"अहो," ती म्हणाली, "त्या मावशी विचारतायत. वन्सांच्या छातीवर आणि कुशीला काळं काहीतरी लागलंय, घासून निघत नाहीये. अजून घासू का म्हणतायत. मी सांगितलं त्यांना, पण त्या म्हणतात असं डाग ठेवून कसं पाठवायचं."

धाकट्याने बुवांकडे पाहिले. बुवांनी त्याच्याकडे पाहिले. दोघांनाही माहीत नव्हते.

"राहू द्या म्हणावं," धाकटा म्हणाला. "सापडायला लागतात."